परत येण्याचे टक्के

जेवणाच्या टेबलावर सात वस्तू होत्या. शोकेसची एक सरकती काच, साठ सेंटिमीटर रुंद आणि पंचेचाळीस उंच. ती उभी राहावी म्हणून दोन बाजूंना लावलेले शब्दकोशाचे दोन जाड खंड. एक निळी फाइल. स्वयंपाकघरातलं अलार्मचं घड्याळ. टोपण हरवलेलं एक पेन. आणि बशीत एक बिस्किट. बशी आणि बिस्किट वेगळं धरलं तर आठ.

काचेच्या पलीकडे दादा बसला होता. अलीकडे त्याची धाकटी बहीण उभी होती, कारण तिच्या बाजूची खुर्ची दादाने आधीच उचलून गॅलरीत नेऊन ठेवली होती.

"तिथे बसायला पाट मांडून ठेवलेला नसतो," तो म्हणाला. "उभ्या उभ्या निकाल लागतो."

घरात तिला दशांश म्हणत. लहानपणी कोणी किती वाजले विचारलं की ती 'पाच वाजून साडेबारा मिनिटं' असं सांगायची, तेव्हापासून दादाने चिकटवलेलं ते नाव. आता ती विज्ञानाची पदवी घेऊन बसली होती, परदेशातल्या एका विद्यापीठात दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला होता, आणि पुढच्या गुरुवारी व्हिसाची मुलाखत होती. व्हिसा मिळाला तर जायचं, नाही मिळाला तर प्रवेश रद्द. मधलं काही नव्हतं.

सराव दादाकडून करून घ्यायची कल्पना बाबांची. दादा विमा कंपनीत दावे तपासायच्या विभागात होता. समोरचा माणूस खोटं बोलतोय हे शोधून काढण्याचा त्याला पगार मिळायचा, आणि त्याला तो कमी वाटायचा. "असा माणूस घरात असताना बाहेर कशाला शोधायचा?" असं बाबा म्हणाले होते. गेली दोन वर्षं दादा आणि दशांश यांच्यात 'गिझर बंद कर' आणि 'दार लाव' यापलीकडे फारसं बोलणं नव्हतं. तरी दादा एका शब्दात हो म्हणाला. तिला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"नाव?" दादाने विचारलं.

"तुला माहीत आहे."

"बाहेर व्हा. पुढचा!"

"अरे दादा, ऐक ना—"

"दादा कुठे दिसला तुम्हाला इथे? काचेमागे अधिकारी बसलाय. पुढचा!"

पुढचं कोणीच नव्हतं. सोफ्यावर आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि बाबा पेपर वाचत होते, त्यांनी दोघांनी आळीपाळीने मान वर केली. दशांशने दात आवळून नाव सांगितलं.

"कशाचं शिक्षण घ्यायला निघालात?"

"माती सुकण्याचं. म्हणजे मातीतलं पाणी कुठल्या थरातून किती वेगाने उडून जातं, आणि त्यात साधारणपणे, म्हणजे तापमान स्थिर धरलं तर, तसं ते कधी स्थिर नसतंच, पण—"

दादाने पेनाने काचेवर टकटक केलं. "माती वाळवायला परदेशात? आमच्या गच्चीत चार कुंड्या आहेत. त्या आपोआप वाळतात."

"त्या वाळतात कारण तू पाणी घालत नाहीस."

"म्हणजे कारणही कळलं. झालं शिक्षण पूर्ण." त्याने बशीतलं बिस्किट उचलून अर्धं तोडून खाल्लं. "पुढचा प्रश्न. अभ्यासक्रम संपल्यावर परत कशासाठी येणार?"

या प्रश्नाची तयारी तिने पक्की केली होती. गल्लीच्या टोकाला दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक सल्लागार बसायचा. तो मुलांना एका खोलीत गोलात उभं करून उत्तरं एका सुरात म्हणवून घ्यायचा. आपोआप तोंडातून यायला हवं, असा त्याचा दंडक होता. तिच्याही तोंडातून ते आपोआप आलं.

"माझ्या आईवडिलांना माझ्याशिवाय कोणाचाही आधार नाही."

आईच्या हातातली घडी अर्धी राहिली.

दादाने चावणं थांबवलं. मग तो अगदी हळू, ऑफिसातल्या आवाजात म्हणाला, "परत सांगा."

"माझ्या आईवडिलांना," तिचा आवाज खाली गेला, "माझ्याशिवाय..."

"आणि मी काय मेलो?"

"ते उत्तर आहे रे. सल्लागार सगळ्यांना तेच शिकवतो. आम्ही बारा जण आहोत, बाराही जण आपापल्या घरचे एकुलते आधार आहेत."

"वा! मग त्या बाराजणांच्या भावंडांना बोलाव एकदा. आम्ही मेलेल्यांची संघटना काढतो."

"तू उगाच अंगाला लावून घेतोयस."

"उगाच?" दादा खुर्चीवरून उठला. काचेच्या वर त्याचं डोकं आलं आणि मुलाखतीचा जो काही देखावा होता तो संपला. "अकरा वर्षांपूर्वी त्याच इमारतीत, तशाच काचेसमोर मी उभा होतो. हेच वाक्य बोललो होतो. अक्षरन् अक्षर हेच. तेव्हा ते खरं होतं. बाबांचा आवाज गेला होता, तू शाळेत होतीस. मी खरं बोललो आणि त्यांनी मला बाहेर काढलं. आता तू तेच वाक्य घेऊन चाललीस, माझ्याच जिवावर, मलाच वगळून?"

हे तिला अर्धंच माहीत होतं. बाबा भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. सकाळभर ढिगाऱ्यावर उभं राहून शंभर माणसांच्या डोक्यावरून ओरडायचं, असा त्यांचा धंदा. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजाच्या जागी एक खरखर उरली. दादाला परदेशात जायचं होतं आणि तो गेला नाही, इतकं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काचेसमोर तो काय बोलला हे कोणी विचारलं नव्हतं.

"मग मी काय सांगू?" ती म्हणाली. "तू आहेस म्हणून सांगितलं तर ते विचारणार, मग तू परत कशाला येशील. तू नाहीस म्हटलं तर तू बोंबलणार."

"खरं सांग. बघू तरी जमतं का."

"कोणाला सांगू? दादाला की अधिकाऱ्याला?"

तो पुन्हा खाली बसला. "काच आहे तोवर अधिकारी. परत येणार?"

दशांशला प्रश्न विचारला की ती विचार करायची, हा तिचा मोठाच दोष होता. तिच्या विभागातून आधी गेलेल्यांपैकी किती परतले, या विषयात इथे नोकऱ्या किती निघतात, तिथे किती, आपल्याला थंडी किती सोसते, हे सगळं तिने एकदा बसून नीट तोलून पाहिलं होतं.

"साठ टक्के," ती म्हणाली.

घड्याळ तेवढं टिकटिकत होतं.

"साठ टक्के म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त आहे, आई. ही चांगली गोष्ट आहे."

"टक्के पावसाचे सांगतात. पोटच्या पोरीचे नाही."

"पण मी नक्की येईन असं आत्ता कसं सांगू? दोन वर्षांनी काय होईल ते मला माहीत नाही. खोटं बोलू का?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. आवाज गेला होता, पण धंदा अंगातून गेला नव्हता. "सत्तर कर," ते खरखरले.

"बाबा, हा लिलाव नाही."

"सत्तर म्हण तू. पंच्याहत्तरला सोडतो. तुझी आई ऐंशीला तयार होईल."

"तुम्ही गप्प बसा हो!" आई कडाडली. "मी शंभराखाली एक टक्का घेणार नाही. चाळीस टक्के आई मेली का हिची?"

"मी तर शंभर टक्के मेलोय," दादा म्हणाला आणि उरलेलं बिस्किट तोंडात टाकलं. "तुला चाळीसवर भागलं."

आई घड्या घातलेले कपडे उचलून आत गेली. त्या संध्याकाळपासून तिने दशांशशी बोलणं टाकलं.

न बोलण्यातही आईची एक शिस्त होती. ती हॉस्पिटलमधल्या चादरींच्या कोठाराची प्रमुख होती. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, रजया, सगळं तिच्या हाताखालून जायचं आणि तिच्या घडीची कड कधी बाहेर आली नाही. कोठारातला एकही खण ती रिकामा राहू द्यायची नाही. रिकामा खण दिसला की त्यात उद्या कोणीतरी आपले बूट ठेवतो, असा तिचा अनुभव होता. फक्त धुवायला गेलेल्या चादरींचा खण ती मोकळा सोडायची. लाँड्रीतून परत आलेल्या गठ्ठ्याला आपली जागा शोधत फिरावं लागू नये, म्हणून. नवी आलेली मदतनीस त्या खणात चुकून काही ठेवायला गेली की आई तिचा हात तिथल्या तिथे धरायची.

तर आता घरात निरोप बाबांमार्फत फिरू लागले.

"अहो, त्या साठ टक्क्यांना सांगा, चहा झालाय."

दशांश शेजारच्याच खुर्चीवर बसलेली असायची. बाबा बिचारे दोघींकडे आळीपाळीने बघत खरखरायचे, "चहा झालाय गं." चहाचा कप समोर यायचा तो निम्म्याहून थोडा वरपर्यंत भरलेला. बाकीच्यांचे काठोकाठ.

"आई, हा काय पोरकटपणा आहे?"

"अहो, तिला सांगा, पोरकट म्हणे मी. साठ टक्के मुलीला साठ टक्के चहा."

दुसरीकडे सराव थांबला नव्हता. दादा ऑफिसातून आला की हातपाय धुवायचा, शोकेसची काच काढायचा, शब्दकोशाचे खंड लावायचा आणि एकही शब्द इकडचा तिकडचा न बोलता अधिकारी व्हायचा. दशांशला वाटलं होतं की त्या भांडणानंतर तो सराव सोडून देईल. पण तो उलट ईर्ष्येला पेटल्यासारखा बसला.

"तुमचं दुखणं खोटेपणाचं नाही," तो काचेमागून म्हणाला. "तुमचं दुखणं शेपटाचं आहे. उत्तर देता आणि मग त्याला शेपूट लावता. साधारणपणे, तसं पाहिलं तर, म्हणजे काय आहे की. त्या शेपटावर पाय ठेवूनच आम्ही माणसाला पकडतो."

"मी अचूक बोलायचा प्रयत्न करते."

"अचूक बोलायचं तर कमी बोला. मी प्रश्न विचारून गप्प बसतो. समोरच्याला ती शांतता खायला उठते. मग तो आपणहून बोलायला लागतो, मी विचारलंही नसतं ते सांगतो. निम्मे दावे मी नुसतं गप्प बसून फेटाळलेत."

"बाकीचे निम्मे?"

"ते फोटोंवर. घर जळालं म्हणून दावा आला की मी एकच विचारतो. घरातले जुने फोटो जळाले का? ज्याचं घर खरंच अचानक जळतं ना, त्याचे फोटोही जळतात. ज्याने स्वतः काडी लावली, त्याने फोटो आदल्या आठवड्यात मावशीकडे नेऊन ठेवलेले असतात. माणूस सगळं जाळतो, फोटो जाळायला त्याचा हात धजत नाही." त्याने पेनाने टकटक केलं. "चला. अभ्यासक्रमाचा विषय?"

"मातीतल्या पाण्याचं बाष्पीभवन."

तो गप्प बसला. घड्याळ टिकटिकत राहिलं. दशांशच्या जिभेच्या टोकाला 'म्हणजे' येऊन उभा राहिला. तिने तो गिळला.

"बरं," दादा म्हणाला. शाबासकी नव्हती ती. तपासलं आणि पुढे ढकललं, इतकंच.

"तुला नाकारलं होतं म्हणून तू मला नाकारायला बसलायस," ती एकदा चिडून म्हणाली.

"मी रोज पंधरा जणांना नाकारतो. तुझ्यासाठी वेगळी चूल मांडायला मला वेळ नाही. पुढचा प्रश्न."

ती त्याच्यावर इतकी धुमसत होती की रात्री अंथरुणावर पडल्यावरही मनातल्या मनात त्याला उत्तरं देत राहायची. गंमत अशी की ती उत्तरं हळूहळू छोटी होत गेली.

बुधवारी, मुलाखतीच्या आदल्या दिवशी, शेवटचा सराव झाला. आई सोफ्यावर होती, तोंड खिडकीकडे. बाबा नेहमीच्या जागी. दादाने फाइल उघडली आणि दहा-बारा प्रश्न सलग विचारले. दशांशने एकेका ओळीत उत्तरं दिली. एकदाही टकटक झाली नाही. बाबांनी पेपरामागून हळूच अंगठा उंचावून तिला दाखवला.

"शिक्षण झाल्यावर परत येणार?"

"हो."

दादा गप्प बसला. ती गप्प बसली. आईची मान किंचित या बाजूला वळली.

"तुमच्या खोलीतल्या कपाटात काय आहे?" दादाने विचारलं.

हा प्रश्न त्याने कधीच विचारला नव्हता. "कपाटात? कपडे."

"किती?"

"असतील... साधारण..."

टकटक. "मी सांगतो. कपाटाला पाच खण. परवा मी स्क्रू-ड्रायव्हर शोधायला उघडलं होतं. सगळ्यांत वरच्या खणात बुटांचा रिकामा खोका आहे. बाकी चार खण स्वच्छ पुसलेले. पुस्तकं वाचनालयाला गेली. जुने कपडे वाटून झाले, बाकीचे बॅगेत. आणि शंखांची पेटी, चौथीत असल्यापासूनची, जिला हात लावला म्हणून तू मला चावली होतीस, ती कुठे आहे?"

"मैत्रिणीला दिली."

"का?"

"सामानाच्या वजनाला मर्यादा आहे, दादा! विमानात किती नेता येतं तुला माहीत नाही का?"

दादा पुढे झुकला. त्याच्या श्वासाने काचेवर एक धुरकट गोल उमटला.

"इथे कपाटात ठेवलेल्या शंखांचं विमानाला वजन होतं?"

साठाचा आकडा दशांशने प्रामाणिकपणे काढला होता, त्यात तिने एक टक्काही इकडचा तिकडे केला नव्हता. पण तो काढला होता डोक्याने, एका जागी बसून. कपाट रिकामं केलं होतं हातांनी, महिनाभर, थोडं थोडं करत, आणि हातांना तिने एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही किती टक्के धरलेत.

"परत येणारा माणूस शंख देऊन टाकत नाही," दादा म्हणाला. "फेटाळला. पुढचा."

"तुला मला रडवायचंय ना? मग मी नाही रडणार."

"रड की. अधिकारी रडण्याला भीक घालत नाही, रुमालसुद्धा देत नाही."

"नीच आहेस तू," ती म्हणाली.

"नोकरी आहे माझी."

"पुरे करा रे," बाबा खरखरले, पण ते ऐकायला कोणी रिकामं नव्हतं. आई उठली होती. ती दशांशच्या खोलीत गेली. कपाटाच्या लोखंडी दाराचा कुरकुर आवाज आला. मग बराच वेळ कसलाच आवाज नाही. मग पुन्हा कुरकुर. आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कोऱ्या चादरीसारखा सपाट होता. तिने दशांशकडे पाहिलंही नाही.

"उद्या ती काच जागेवर लावून टाक," ती दादाला म्हणाली. "शोकेसमध्ये धूळ जातेय."

गुरुवारी सकाळी दशांश तयार होऊन बाहेर पडली तेव्हा बाबांनी दारापर्यंत येऊन डोक्यावर हात ठेवला. आई कामावर निघून गेली होती, रोजच्यापेक्षा लवकर. दादा बूट घालत होता. त्याने मान वर न करता एवढंच म्हटलं, "मोबाइल घरी ठेव. आत घेऊ देत नाहीत, आणि बाहेरचा पानवाला तो सांभाळायचे पैसे कापतो."

मोठ्या दालनात खिडक्यांची रांग होती. काच घरच्यापेक्षा तिप्पट जाड होती आणि आवाज येण्यासाठी तिच्यात जाळी बसवलेली होती. दशांशचा नंबर यायला वेळ होता. शेजारच्या खिडकीशी सल्लागाराच्या वर्गातला एक उंच मुलगा उभा होता. त्याचा आवाज जाळीपलीकडे गेला तसाच मागच्या रांगेतही आला. "माझ्या आईवडिलांना माझ्याशिवाय कोणाचाही आधार नाही." तेच वाक्य, त्याच चालीत, त्याच जागी श्वास घेऊन. काचेमागच्या माणसाने विचारलं, "आज सकाळपासून हे सांगणारे तुम्ही कितवे, माहीत आहे?" उंच मुलगा हसावं की काय करावं या विचारात असतानाच त्याचा पासपोर्ट फटीतून परत आला.

दशांशला चार नंबरच्या खिडकीवर बोलावलं गेलं. काचेमागे साधारण आईच्या वयाची एक अधिकारी बाई होती. तिला सर्दी झाली होती आणि ती त्याबद्दल सगळ्या जगावर रागावलेली दिसत होती.

"विषय?"

"मातीतल्या पाण्याचं बाष्पीभवन."

"माती वाळते, हे शिकायला दोन वर्षं?"

गच्चीतल्या चार कुंड्या दशांशच्या डोळ्यांसमोरून गेल्या. "का वाळते, ते शिकायला," ती म्हणाली आणि थांबली.

बाईंनी काहीतरी टाइप केलं. नाक पुसलं. "घरी कोण कोण?"

"आई, बाबा, मोठा भाऊ."

"आईवडिलांना कोण बघतं?"

ते वाक्य घशापर्यंत आलं. बारा जणांनी मिळून घोटलेलं, एका सुरातलं. समोरच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा पुसट दिसत होता, आणि त्याच्या मागे, जिथे बाई बसल्या होत्या तिथे, दादा बिस्किट खात बसलाय असं तिला क्षणभर वाटलं.

"भाऊ," ती म्हणाली.

"मग तुम्ही परत कशाला याल?"

तिनेच दादाला सांगितलेला सापळा तो हाच. तिने आकडा शोधला नाही.

"भावाशी माझं भांडण अर्धं राहिलंय."

बाईंचे हात कीबोर्डवर थांबले. त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्या काही बोलल्या नाहीत. दशांशही बोलली नाही. 'म्हणजे' आला, जिभेवर उभा राहिला, परत गेला.

"कशावरून भांडण?" शेवटी बाईंनीच विचारलं.

"मी परत येणार की नाही, यावरून."

बाईंनी रुमाल नाकाला लावला. त्या आतून हसल्या की शिंकल्या ते कळलं नाही. "आणि तुमचं काय म्हणणं?"

"येईन."

ते खरं होतं की खोटं, हे तिला त्या क्षणी मोजता आलं नसतं. बाईंनी पासपोर्ट परत दिला नाही. तो त्यांनी आपल्या डाव्या बाजूच्या ट्रेमध्ये टाकला आणि म्हणाल्या, "शिक्का मारून घरी येईल. पुढचा!"

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा दादा शोकेससमोर गुडघ्यांवर बसून काच खाचेत बसवत होता. काच अडकत होती आणि तो तिला शिव्या घालत होता.

"दिला?" त्याने विचारलं.

"दिला."

बाबांनी टाळी वाजवली आणि मग एकटेच वाजवतोय हे लक्षात येऊन थांबले.

"ते वाक्य म्हटलंस?"

"नाही. आईबाबांना कोण बघतं विचारलं, मी भाऊ म्हटलं."

काच एकदम खाचेत गेली. दादाने ती पुढेमागे सरकवून पाहिली, विनाकारण, दोन-तीनदा. "मग परत कशाला येणार, असं नाही विचारलं?"

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

"तुझ्याशी भांडण अर्धं राहिलंय म्हणून."

"अर्धं?" तो उठून उभा राहिला, पँटचे गुडघे झटकले. "माझ्याकडून संपलंय."

"माझ्याकडून नाही."

"मग भांड एकटीच तिकडे. माती वाळेपर्यंत."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. कामाचे कपडे अजून अंगावर होते. व्हिसा मिळाल्याचं तिने ऐकलं होतं.

"तुझ्या कपाटात मी सामान ठेवलंय," ती म्हणाली. सात दिवसांत दशांशशी थेट बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य. "विचारलं नाही तुला."

"कुठल्या खणात?"

"डोळे आहेत ना? बघ जाऊन."

दशांश खोलीत गेली आणि कपाट उघडलं. खालच्या दोन खणांत रजया आणि चादरी होत्या, कडेला कड लावलेल्या, वरच्या फळीला टेकेपर्यंत भरलेल्या. बुटांचा खोका गायब होता. वरचे तीन खण पुसून घेतलेले होते आणि त्यांत काहीही ठेवलेलं नव्हतं. तिने टेबलाच्या ड्रॉवरमधून टेप काढला आणि खालून वर मोजत गेली. प्रत्येक खण छत्तीस सेंटिमीटर. भरलेले दोन, बहात्तर सेंटिमीटर. मोकळे सोडलेले तीन, एकशे ऐंशीपैकी एकशे आठ.